पॅकिंग मी घातले होते

चनबसप्पा मल्लप्पा तोळणुरे यांच्या नेमणुकीच्या कागदावर ‘अकुशल मदतनीस’ असा हुद्दा होता. ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षे सोलापुरातले यंत्रमाग बसवले, उतरवले आणि बिघडलेले पुन्हा चालते केले, त्याला अकुशल ठरवायला एका कारकुनाला अर्धे मिनिट पुरले. त्या शब्दाला मी लेखी हरकत घेतली होती. पोच मिळाली, उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

कागद ज्या मोहिमेचा होता ती ढगांच्या मोजणीची. एका संशोधन संस्थेने, तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, एका हंगामापुरते भाड्याचे विमान सोलापुरात आणले होते. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. ढग येतात, दाटतात आणि पुढे निघून जातात. ढगाच्या पोटात हवा किती वेगाने वर चढते हे समजले तर तो पाऊस का देत नाही याचा काही अंदाज बांधता येईल, असा हेतू होता. हेतूला माझी हरकत नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाशेजारी दोन खोल्या घेऊन काम सुरू झाले. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याचे मला बावीस वर्षे तासावर पैसे मिळतात, त्यामुळे सुट्टीच्या काळात नोंद सहायकाचे काम मी घेतले. चनबसप्पांची आणि माझी ओळख तिथली.

ते वळसंगचे. घरात कानडी, शाळेत मराठी. दहावीनंतर थोरल्या भावाचे बोट धरून ते सोलापुरात आले आणि अक्कलकोट रस्त्यावर राजेशम यांच्या चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरू लागले. पुढे मागावर बसले आणि तेविसाव्या वर्षी जॉबर झाले. माग दुरुस्त करणाऱ्याला तिथे जॉबर म्हणतात. छत्तीस मागांच्या खडखडाटात दोन्ही कानांची धार गेली, तेव्हा ते तळहाताने ऐकू लागले. चालत्या मागाच्या लोखंडावर हात ठेवायचा आणि कोणता बोल्ट ढिला आहे ते सांगायचे. लोक पैजा लावत आणि हरत.

जॉबरचा हात कुठे आपोआप जातो, हे इथे सांगितले पाहिजे. माग बसवताना त्याच्या चारही पायांखाली पॅकिंग घालतात : खाली लोकरीचा जाड नमदा, वर टायरच्या जुन्या ट्यूबचे दोन थर. मागाचा धक्का जमिनीत जाऊ नये आणि शेजारच्या मागाला लागू नये, यासाठी. जे हलते त्याच्याखाली पॅकिंग, आणि जे नाजूक आहे त्याच्याखाली दोनदा पॅकिंग. चनबसप्पांनी हे आयुष्यभर केले आणि नव्या पोरांना शिवीगाळ करून शिकवले. राजेशम यांनी चोवीस माग भंगारात काढले, तेव्हा हे पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ कंत्राटदारामार्फत विमानतळावर आले.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात जेवणाच्या डब्याच्या दोन पुडांएवढी एक राखाडी पेटी देण्यात आली. पेटीवर लाल अक्षरांत लिहिले होते की उपकरण नाजूक आहे, जपून हाताळावे. सूचना एवढीच मिळाली की ही पेटी विमानाच्या तळाशी त्या पट्टीवर चार बोल्टनी बसवा. पेटीत काय आहे, ती काय करते, कशासाठी करते, यातले काहीही त्यांना सांगण्याची गरज कोणालाही वाटली नाही. बसवणीचा नकाशा होता. तो दुसऱ्या खोलीतल्या कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होते.

चनबसप्पांनी पेटी बसवली. नाजूक वस्तू होती, विमान हलणारे होते. घरून नमदा आणला, ट्यूब धुऊन कापली, चारही कोपऱ्यांची जाडी मापून सारखी केली. वर पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मध्ये. काम इतके सफाईचे की वरून पाहणाऱ्याला पॅकिंग दिसू नये. प्रकल्प व्यवस्थापक हिंदुराव यांनी विमानाच्या दारातूनच आत मान घातली आणि ‘बसवणी तपासली’ या रकान्यात सही केली.

त्यानंतर सतरा उड्डाणे झाली.

मोहिमेची आकडेवारी डॉ. उत्कर्षा रणनवरे पाहत. अकलूजच्या, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि संस्थेतली मी पाहिलेली एकमेव व्यक्ती जी प्रश्नाला उत्तर देत असे. सतराव्या उड्डाणानंतर त्या संगणकासमोर डोके धरून बसल्या होत्या. पडद्यावर एक रेघ सरळ उतरत होती आणि एका जागी तिला उंचवटा आला होता. प्रत्येक उड्डाणात तोच उंचवटा, त्याच जागी. ढगात आणि निरभ्र आकाशातही. चनबसप्पा जनित्रात डिझेल भरल्याचे सांगायला आत आले आणि तिथेच थांबले.

“बाई, रेघंला हे उटाणू कसलं?”

“तेच कळत नाही. सेकंदाला पंचवीस वेळा काहीतरी हलतंय. विमान तर असं हलत नाही.”

“आणि हे समजतं कशानं?”

“तुम्ही बसवलेल्या पेटीनं.”

पाच आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना पेटीविषयी सांगत होते. उत्कर्षाबाईंनी खुर्ची वळवली. “उजनीच्या पाण्यात होडीत बसलात आणि वारा वर जातोय की खाली हे मोजायचं ठरवलंत, तर होडी स्वतः वरखाली होणारच. होडी किती हलली ते वजा केल्याशिवाय वाऱ्याचा आकडा खरा येत नाही. विमानाच्या नाकावर वारा मोजायची नळी आहे, आणि विमान स्वतः किती हललं ते ही पेटी सांगते. त्वरणमापक म्हणतात तिला. प्रत्येक धक्का नोंदवते.”

“निस्तं विमानातच लावत्यात?”

“नाही, समुद्रातही. आमचीच माणसं बंद पिंपासारखा तरंगता बोया पाण्यात सोडतात. लाट आली की बोया वर जातो, गेली की खाली येतो. आत हीच पेटी. धक्क्यावरून वेग काढायचा, वेगावरून उंची. कोणीही न बघता लाट किती उंच होती ते कळतं.”

“म्हंजे धक्का खाणं हेच तिचं काम हाय.”

“तेवढंच काम आहे.”

चनबसप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“बाई, म्या तिच्याखाली पॅकिंग घातलंय.”

उत्कर्षाबाईंना प्रथम समजलेच नाही. समजले तेव्हा त्या विमानाकडे जवळजवळ धावत गेल्या. चार बोल्ट निघाले, पेटी उचलली गेली आणि खालून ट्यूबचे आणि नमद्याचे चार नेटके चौकोन बाहेर आले. उत्कर्षाबाई विमानाच्या तळावरच बसल्या. नंतर दहा मिनिटे त्या जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. चनबसप्पांनी ते उभ्याने ऐकून घेतले.

“आणखी बोला,” ते म्हणाले. “पर आदी येक सांगा. समदी चक्करं वाया गेली का?”

“पॅकिंगनं धक्का किती बदलला ते माहीत नसेल तर सगळी गेली. विमान परवा परत जातंय. ही उड्डाणं पुन्हा होणार नाहीत.”

“आणि किती बदलला ते समजलं तर?”

“तर काही वाचेल. सगळं नाही.”

दुसऱ्या दिवशी हिंदुराव यांनी चनबसप्पांना खोलीत बोलावले. मलाही बोलावले, कारण नोंदवहीत साक्षीदाराची सही लागत होती. टंकलेला कागद टेबलावर तयार होता. संवेदकात अज्ञात कारणाने बिघाड झाल्याचे आढळले असून सतराही उड्डाणांच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत, असा मजकूर होता. खाली चनबसप्पांच्या नावापुढे जागा सोडलेली होती. हिंदुराव यांची स्वतःची तपासणीची सही कोणत्या रकान्यात आहे याचा कागदात उल्लेख नव्हता, आणि तो का नव्हता हे समजायला पदार्थविज्ञान लागत नाही.

चनबसप्पांनी कागद स्वतः वाचला. बोट ठेवून, सावकाश.

“अज्ञात म्हंजे काय साहेब?”

“म्हणजे कारण माहीत नाही.”

“मला माहीत हाय की.”

“तोळणुरे, मी तुम्हाला वाचवतोय. सही करा. महिनाअखेरपर्यंत काम आहे, पुढच्या हंगामात परत घेऊ.”

“मला वाचवायची गरज न्हाय. कारण लिवलं तर चक्करं वाचत्यात असं बाई म्हनल्या. अज्ञात लिवलं तर समदी कचऱ्यात जात्यात. व्हय का न्हाय?”

“ते तुम्हाला कळायचं नाही.”

“काल कळलं मला. पाच हप्ते कुणी सांगितलं न्हवतं, काल सांगितलं आन कळलं.”

हिंदुराव माझ्याकडे वळले. “सर, तुम्ही शिकलेले आहात, समजवा यांना.”

मी सांगितले की नोंदवहीत जे घडले तेच नोंदवले जाईल आणि ते आजच सकाळी नोंदवून झाले आहे. या वाक्यासाठी मला नंतर जे भोगावे लागले ते वेगळे प्रकरण आहे. चनबसप्पांनी कागदाची घडी न करता तो जसाच्या तसा टेबलावर ठेवला आणि कोरा कागद मागितला. हिंदुराव यांनी दिला नाही. माझ्याकडे होता. त्यावर त्यांनी लिहिले : पेटीच्या खाली पॅकिंग मी घातले होते, नमदा एक थर, ट्यूब दोन थर, जाडी सर्व कोपऱ्यांत सारखी. खाली मराठीत सही. मग कागद पुढे सरकवून म्हणाले, “ह्याच्यावर तुमची बी सही पायजे साहेब. तपासलं तुमी हाय.”

हिंदुराव यांनी सही केली नाही. ती अपेक्षा चनबसप्पांचीही नसावी.

संध्याकाळी चनबसप्पांच्या घरी त्यांच्या पत्नी महेश्वरी माझ्यावर रागावल्या. “तुमी तरी सांगायचं की सर. सही केली असती तर काय बिघडत हुतं?” उत्तर चनबसप्पांनी दिले : “माझा हात चुकला ते मान्य हाय. पर सतरा चक्करात माणसं ढगात गेली, जीव मुठीत धरून. त्यांचं समदं माझ्या येका सहीनं पुसायचं? न्हाय जमत.” महेश्वरी म्हणाल्या की अशा माणसाशी लग्न लावून देणाऱ्यांनाही काही कळत नव्हते, आणि त्यांनी भाकरी वाढली.

पेट्या उत्कर्षाबाईंच्या ताब्यात होत्या. एक विमानातली, एक राखीव. त्यांची तपासणी करणे हा बाईंचा अधिकार होता आणि ती कुठे करावी हे नियमात लिहिलेले नव्हते. संस्थेकडे धक्के देणारे महागडे टेबल होते, पण त्याचा क्रम लावायला हिंदुराव यांची शिफारस लागे. चनबसप्पा म्हणाले, “टेबल मी देतो.”

ते आम्हाला राजेशम यांच्या कारखान्यात घेऊन गेले. कोपऱ्यात एक भंगारातला माग होता. त्याचे सूत, फणी, धोटा सगळे काढून त्यांनी नुसता सांगाडा आणि मोटर ठेवली. मागाची मूळ क्रँक फार मोठा फेरा घेते, म्हणून लेथवर एक चकती कातून घेतली. तिचे भोक मध्यापासून बरोबर एक सेंटिमीटर बाजूला. चकती फिरली की दोन उभ्या दांड्यांवर बसवलेली पोलादी फळी एक सेंटिमीटर वर आणि एक सेंटिमीटर खाली जाई. फेरा ठाऊक, मिनिटाला किती फेरे तेही ठाऊक. म्हणजे फळीला किती धक्का बसतो हे वहीवर मांडता येते. मोटरवरची पुली बदलली की वेग बदलतो. मागांचे वेग बदलण्यात या माणसाचे अर्धे आयुष्य गेले होते.

राजेशम कंबरेवर हात ठेवून बघत होते. “चन्नू, चादर विणायला जमेना, आता ढग विणतोस काय माझ्या मागावर?”

“तुमच्या चादरीपेक्षा टिकंल, मालक.”

“वीजबिल कोण देणार?”

“ढग देतील.”

एक पेटी फळीवर थेट बोल्टने आवळली. दुसरी तिच्या शेजारी, त्याच नमद्यावर, त्याच ट्यूबवर, पूर्वी होती तितक्याच आवळणीने. आवळणी किती होती हे कुठेही लिहिलेले नव्हते. ती चनबसप्पांच्या मनगटात होती. त्यांनी तीनदा आवळून दाखवली, उत्कर्षाबाईंनी मोजण्याच्या पान्याने तीनदा तपासली, आणि तिन्ही वेळा आकडा जवळजवळ एक आला. त्यानंतर बाईंचे बोलणे बदलले.

आम्ही सेकंदाला दोन हेलकाव्यांपासून सुरुवात केली. दोन्ही पेट्या सारखेच बोलत होत्या. तीनला तेच. चारला पॅकिंगवरची पेटी अडीच टक्क्यांनी जास्त बोलू लागली. पाचला चार टक्के. आठला अकरा टक्के, आणि सांगाडा असा थरथरू लागला की राजेशम यांनी स्वतः बटण दाबून मोटर बंद केली.

चनबसप्पांनी आकड्यांच्या कागदावर बोट ठेवले. “जास्त? पॅकिंग धक्का खातं म्हनून घातलं की. हितं तर वाढवतंय.”

“एका वेगाच्या पलीकडे खातं. त्याच्या अलीकडे वाढवतं,” मी सांगितले. “पंचविसाला ते स्वतःच नाचतं. तोच उंचवटा.”

“अठ्ठावीस वर्सं मागाखाली घातलं,” ते म्हणाले. “कुण्या मागाला वाढवलं आसंल, देव जाणं.” मग लगेच, “चला, सहा लावू.” दुःख करायला त्यांनी तेवढाच वेळ दिला.

चार दिवसांत चित्र स्पष्ट झाले. ढगातले मोठे, संथ चढउतार, ज्यांच्यासाठी मोहीम होती, ते पॅकिंगने बिघडलेले नव्हते. बारीक, जलद धक्के बिघडले होते. ते टाकून द्यावे लागणार होते. सतरा उड्डाणांतले महत्त्वाचे ते वाचत होते. मात्र एका अटीवर : पॅकिंग होते, कसे होते आणि कोणी घातले, हे सगळे लिहून द्यावे लागणार होते. ‘अज्ञात कारण’ आणि ही दुरुस्ती एकाच कागदावर राहू शकत नव्हती.

उत्कर्षाबाईंनी टिपण वर पाठवले. सोबत आकडे, मागाच्या सांगाड्याचे छायाचित्र आणि चनबसप्पांचे निवेदन, त्यांच्या शब्दांत, एकही अक्षर न बदलता. हिंदुराव यांनी प्रतिकूल शेरा मारला. भंगार यंत्रावर, अकुशल कर्मचाऱ्याने केलेली चाचणी विश्वासार्ह नाही, असा तो शेरा होता. माझ्या जुन्या हरकतीचे उत्तर देऊन टाकले असते, तर हा शब्द त्यांना इतक्या सहज सापडला नसता. वरच्या समितीने आकडे तपासले आणि टिपण स्वीकारले. त्याच आठवड्यात चनबसप्पांची सेवा संपवण्यात आली. कारणाच्या रकान्यात ‘काम पूर्ण’ असे लिहिले होते. हिंदुराव यांच्या सहीविषयी काहीही झाले नाही. मी तक्रार केली आहे. तिला क्रमांक मिळाला आहे.

सतरा उड्डाणांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या त्या दिवशी मी सोबतचे टिपण छापून चनबसप्पांना नेऊन दिले. नोंदी सेकंदाला चार हेलकाव्यांपर्यंत विश्वसनीय, पुढे वापरू नयेत, असे त्यात लिहिले होते. खाली पॅकिंगचे कारण आणि त्यांचे पूर्ण नाव. मला वाटले, नाव पाहून ते काही बोलतील.

“चार?” ते म्हणाले. “पाच का न्हाय?”

“सावधगिरी म्हणून.”

“पाचला चार टक्के आलेत. पाच टक्क्यापतुर फरक चालतो असं समितीच्याच कागदात हाय. तुमीच वाचून दावलं हुतं.”

“पाचवर चाचणी थोडाच वेळ झाली होती. समितीला तेवढी पुरेशी वाटली नसेल.”

“मग जास्त येळ करू की. बाईंना फोन लावा.”

मी लावला आणि फोन मधोमध ठेवला. चनबसप्पांना ऐकू यावे म्हणून उत्कर्षाबाई मोठ्याने बोलत होत्या. “चनबसप्पा, तुमची नेमणूक संपलीय. तुम्हाला हे करायची गरज नाही.”

“माझी संपली. पेटीची संपली न्हाय की. पेट्या घिऊन या.”

“समितीनं चार मान्य केलेत. पुन्हा काढलं तर हिंदुराव म्हणतील, आधीचं चुकीचं होतं.”

“म्हनू द्या. चार आणि पाचच्या मधलं ढगातलं कायतरी हाय का न्हाय?”

“आहे,” त्या म्हणाल्या. “बरंच आहे.”

“मग ते का टाकायचं?”

“आणि पुन्हा करून चारच आले तर?”

“तर चार लिवा. पर मोजून लिवा बाई. भिऊन लिवू नका.”

रविवारी त्या पहाटेच्या गाडीने आल्या. राजेशम यांनी कुरकुर करत शटर उघडले. चनबसप्पांनी पुली चढवली, पॅकिंग बसवले, बोल्ट आवळले आणि फळी सेकंदाला पाच हेलकाव्यांवर सलग तीन तास चालवली. दर दहा मिनिटांनी मी आकडे उतरवत होतो. चार टक्के, कधी चारला एक दशांश कमी, कधी एक दशांश जास्त. पाच टक्क्यांना एकदाही स्पर्श झाला नाही.

नवे टिपण उत्कर्षाबाईंनी तिथेच, कांड्यांच्या खोक्यावर बसून लिहिले : नोंदी सेकंदाला पाच हेलकाव्यांपर्यंत विश्वसनीय. शेवटी त्यांनी विचारले, आणखी काही लिहायचे आहे का. चनबसप्पांनी हात पुसत सांगितले, “लिवा, की ही चाचणी हिंदुराव साहेबांची परवानगी न घेता केलेली हाय. नंतर कुणी इचारायला नगो.”

बाईंनी ते लिहिले, आणि त्याखाली आम्ही तिघांनी सह्या केल्या.